टोपीखालचा अलार्म

मी एक जुना धुराचा अलार्म आहे, मित्रांनो. सध्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. सोबतीला दोन संपलेल्या बॅटऱ्या, एक बंद पडलेला टायमर आणि कुणाच्या तरी सायकलचा दिवा. शनिवारी आम्हा सगळ्यांना कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला नेणार आहेत. म्हणजे माझ्याकडे तीन दिवस आहेत आणि बोलायला पुष्कळ आहे. अकरा वर्षं मला एकाच सुरात ओरडायची परवानगी होती, तेव्हा आता जरा पाल्हाळ लागलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरं प्लास्टिकचं गोल अंग, मधोमध एक बटण आणि पोटात एक काळोखी खोली. त्या खोलीत एक बारीकसा दिवा असतो. धूर आत शिरला की दिव्याचा उजेड विस्कटतो आणि मी ओरडतो. एवढंच माझं शिक्षण. माझ्या कडेला बारीक अक्षरात एक तारीख छापली होती: मार्च २०२४पर्यंत बदला. आम्हा अलार्मांचं आयुष्य दहा वर्षांचं, आणि मरणाची तारीख जन्मतःच अंगावर लिहिलेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दहा वर्षं फार लांब होती. तुम्ही मात्र ही तारीख लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं डॉक्टर सुप्रभा यांनी. एडिनबराच्या मार्चमंट भागात, दगडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा एक फ्लॅट आहे. मराठी विद्यार्थ्यांना त्या तो भाड्याने देतात. सगळी पोरं त्यांना काकू म्हणतात. काकू इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या आणि त्यांचे यजमान शशिधरकाका सर्जन. इलेक्ट्रिशियनने मला पॅसेजच्या छताला, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवलं तेव्हा खाली दोघंही मान वर करून उभी होती. काकांनी माझी तारीख वाचून आपल्या डायरीत टिपून घेतली. काकूंनी झाडूच्या दांड्याने माझं बटण दाबलं. मी जीव खाऊन ओरडलो. काकू म्हणाल्या, "शाबास!" आणि मी खूष झालो.

छतावरून मला फार काही दिसत नसे. झोपायच्या खोल्यांची दोन दारं, एक बाथरूमचं, एक स्वयंपाकघराचं, बाहेरचं मोठं दार आणि चपला-बुटांचा ढीग. पण फ्लॅटमधलं वायफाय पॅसेजमध्येच धड लागायचं, त्यामुळे सगळी पोरं फोन घेऊन माझ्याखालीच येऊन बसायची. कोण नापास झालं, कोणाला घरची आठवण येते, कोणी घरी खोटं सांगितलं की इथे अजिबात थंडी नाही, सगळं मला ठाऊक. स्वयंपाकघरात माझी एक बहीण आहे, पण तिला फक्त आच कळते. धुराशी तिला काही देणंघेणं नाही. धुराचं खातं माझं.

आणि इथेच घोटाळा झाला, मित्रांनो. मला बनवणाऱ्यांनी सगळ्या जगाचा विचार केला असेल, पण मोहरीचा केला नव्हता.

पहिला भाडेकरू विलास. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तेल तापवलं, मोहरी टाकली, वर चार मिरच्या टाकल्या. मी माझं कर्तव्य केलं. विलास उलथनं हातात घेऊन अनवाणी जिन्यात पळाला. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई गाऊनवर बाहेर आल्या. पुढे महिनाभर एकजण फोडणी घालायचा आणि दुसरा माझ्याखाली उभा राहून टॉवेल हलवायचा. हात दुखून यायचे बिचाऱ्यांचे, पण मी ऐकत नव्हतो. मला पगार कसला, पण इमान होतं.

दोन वर्षांनी राजश्री नावाची मुलगी राहायला आली. ती एकदा लंडनला कसल्याशा परिषदेला गेली आणि येताना हॉटेलातली अंघोळीची प्लास्टिकची टोपी घेऊन आली. इलॅस्टिकवाली. स्टुलावर चढली आणि ती टोपी तिने माझ्या डोक्यावर चढवली. मला काही दिसेना की वास येईना. खाली चर्र झालं, पोरं हसली आणि मी गप्प. काय सांगू तुम्हाला! लोक पावसात भिजू नये म्हणून टोपी घालतात, मला माझं काम करता येऊ नये म्हणून घातली.

तिथून त्या घराचा रिवाजच पडला. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा, खिळ्याला टोपी, आणि काकू कळवून यायच्या त्या दिवशी टोपी कपाटात. दरवर्षी जुनी मुलं नव्या मुलांना चार गोष्टी सांगून जात: किल्ल्या या, वायफायचा पासवर्ड हा, कचरा मंगळवारी आणि फोडणीच्या आधी टोपी. सोबत एक नियमही होता. राजश्रीनेच घातलेला. ज्याने टोपी घातली त्याने ती काढायची आणि काढल्याशिवाय ताट वाढून घ्यायचं नाही. हा नियम मात्र पोरांनी कसोशीने पाळला, हे कबूल करायला हवं. त्यामुळे अपमान झाला तरी तो दहा-दहा मिनिटांचाच असायचा.

एकदा मी खरंच कामाला आलो. कुणीतरी टोस्टरमध्ये पाव अडकवून अंघोळीला गेलं होतं. डोक्यावर टोपी नव्हती. मी असा ओरडलो, की साबण लागलेला एकजण टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि पाव सिंकमध्ये फेकला. काकूंना कळलं तेव्हा त्यांनी स्टुलावर चढून मला ओल्या फडक्याने पुसलं. "याच्यामुळे वाचलात," त्या पोरांना म्हणाल्या. त्या पहिल्या शाबासकीनंतर माझी जाहीर स्तुती झाली ती तेवढीच.

मग शशिधरकाका वारले. जानेवारी होता, रस्त्यावर बर्फ होतं. काकू दोन महिने फ्लॅटवर फिरकल्याच नाहीत. मार्च आला आणि गेला. माझ्या कडेवरची तारीख उलटून गेली. ती ज्या डायरीत लिहिली होती, ती कुठल्या ड्रॉवरमध्ये होती कोण जाणे.

त्यानंतर काकू पुन्हा नेमाने यायला लागल्या. दर महिन्याला यायच्या, झाडूच्या दांड्याने बटण दाबायच्या आणि मी खणखणीत ओरडायचो. त्या मान हलवायच्या. माझा आवाज शाबूत होता हो. पण अकरा वर्षांची धूळ आणि टोपीच्या कडेने झिरपलेली तेलकट काजळी माझ्या पोटातल्या खोलीत बसली होती. माझं नाक हळूहळू मंद होत चाललं होतं. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. खरं बोलायचं तर सांगता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. म्हातारपण कुणाला कबूल करवतं?

अशा वेळी देवयानी आली. खामगावची. वडील नाहीत, आई अंगणवाडी सेविका, आणि ही मुलगी सरकारी स्कॉलरशिपवर पब्लिक हेल्थमध्ये एमएससी करायला आलेली. एक वर्षाचा कोर्स. तिचा प्रबंधही गावातल्या लहान मुलांच्या आहारावर. इथे त्याला सगळे डिसर्टेशन म्हणतात. दुसऱ्या खोलीत पुण्याचा अंबरीश. तो डेटा सायन्सवाला, स्वभावाने मोकळा आणि पसाऱ्यात अव्वल.

देवयानीची आई रोज फोन करायची. फोन स्पीकरवर ठेवून देवयानी माझ्याखाली बुटांच्या स्टुलावर बसायची.

"काय करून राहिली वं? जेवली का?"

"जेवली ना आई. तू काय करून राहिली?"

"वरणाले फोडणी देऊन राहिली. थांब, आयक." आणि फोनमधून खामगावचं चर्र ऐकू यायचं.

"आई, नको ना वं. माझ्या डोळ्याले पाणी येते," असं देवयानी म्हणायची, आणि यायचंही. मला वरून दिसायचं. मग ती उठून स्वयंपाकघरात जायची, खिळ्यावरची टोपी काढून मला घालायची आणि स्वतःची फोडणी घालायची. आणि मित्रांनो, एक दिवस असा गेला नाही, की ताट वाढण्याआधी तिने टोपी काढली नाही. अंबरीश तिला चिडवायचा, "तुझं त्या अलार्मशी लग्न लावून देऊ." ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा बरा आहे, निदान वेळेवर उठवतो."

मार्चमध्ये अंबरीशने गॅसवर पापड भाजला आणि भाजता भाजता फोन घेतला. पापड पेटला. टोपी घालायला तो विसरला होता. पॅसेजभर निळा धूर झाला आणि मी गप्प. वाट बघत राहिलो, की आता आतला दिवा विस्कटेल, आता विस्कटेल. काही नाही. अंबरीश खिडकी उघडत खुशीत म्हणाला, "अरे वा! शहाणा झाला की हा!" देवयानी लायब्ररीत होती, तिला हे कळलंच नाही. मला मात्र दिवसभर कसंतरी होत होतं.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला देवयानीने खीर केली. खिरीला फोडणी नसते, त्यामुळे माझ्या डोक्यावर टोपी न चढता त्या घरात झालेला तो एकमेव सण. काकू नेमक्या बटण दाबायला आल्या होत्या.

"आज काय विशेष गं?"

"बुद्ध पौर्णिमा आहे काकू. बसा ना."

काकू कधी बसत नसत. त्या दिवशी बुटांच्या स्टुलावर बसल्या आणि वाटी चाटूनपुसून संपवली. "काका गेल्यापासून मी खीर केली नाही," एवढंच म्हणाल्या. देवयानीने वाटी पुन्हा भरली. त्याच दिवशी जाताना काकूंनी तिचं एक मागणं मान्य केलं. फ्लॅटचा करार जुलैअखेर संपत होता आणि देवयानीचं सबमिशन होतं एकवीस ऑगस्टला. आता ऑगस्ट म्हणजे एडिनबरात काय असतं, हे तुम्हाला सांगायला हवं. गावात मोठा नाट्यमहोत्सव भरतो. जगभरचे लोक येतात आणि सगळ्या रिकाम्या खोल्या भरून जातात. विद्यार्थ्याला तीन आठवड्यांसाठी खोली मिळणं अशक्य. काकूंनाही तो फ्लॅट महोत्सवाच्या पाहुण्यांना देता आला असता. त्या म्हणाल्या, "राहा तू. दोघंही राहा."

जूनमध्ये माशी शिंकली. काकू न कळवता आल्या. स्वयंपाकघरात भेंडीची फोडणी चालली होती आणि मी छतावर टोपी घालून बसलो होतो.

"हे काय आहे?" काकूंनी छत्रीचं टोक माझ्यावर रोखलं.

देवयानी धावत आली. "सॉरी काकू. फोडणीपुरतीच घातली होती, काढणारच होते."

"काढणारच होते! अगं, मी तीस वर्षं बेशुद्ध माणसांच्या उशाशी बसले. तिथे माणूस बोलत नाही, मशीन बोलतं. एका सर्जनने एकदा आवाजाचा त्रास होतो म्हणून मॉनिटरचा अलार्म बंद करायला लावला. मी त्याला सांगितलं, तुम्ही बाहेर जा, अलार्म इथेच राहील. तू कोण लागून गेलीस?"

"काकू, चूक माझीपण आहे," अंबरीश दारातून म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस." काकूंनी छत्रीने टोपी काढली आणि कचऱ्यात टाकली. "देवयानी, ऑगस्टभर राहायचंय ना? राहा. पण ही टोपी मला परत दिसली, तर त्याच दिवशी बॅग भरायची. मग सबमिशन असो की आणखी काही, मी ऐकून घेणार नाही."

मला सांगायला लाज वाटते, पण मी छतावर छाती फुगवून बसलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूने कुणी भांडलं होतं. आणि मी तर आतून निकामी! काकू गेल्यावर देवयानी माझ्याखाली बुटांच्या स्टुलावर बसली. घरी परत जाऊन प्रबंध पुरा होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. लायब्ररी इथे, गाइड इथे, आणि स्कॉलरशिपवाल्यांना सबमिशन वेळेवर हवं. अर्धवट पदवी घेऊन खामगावला उतरायचं, या विचाराने तिचा चेहरा पार उतरला होता.

त्यानंतर सहा आठवडे त्या घरात मोहरी तडतडली नाही. देवयानी उकडलेले बटाटे, दही आणि पाव खायची. आईने फोनवर फोडणी ऐकवायला घेतली, की काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायची. रात्ररात्र जागायची, पहाटे पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत पुटपुटायची. गालफडं बसली होती पोरीची. मला तिची काळजी वाटायला लागली होती, आणि अलार्मला काळजी वाटणं काही चांगलं नाही.

ऑगस्टच्या सातव्या तारखेला अंबरीशचा ग्लासगोला इंटरव्ह्यू होता. सकाळी सहाला तो पॅसेजमध्ये आला, चेहरा पांढराफटक.

"देवयानी, झोपलीस का गं?"

"झोपायला चालले. चौथं प्रकरण झालं आत्ता. काय झालं?"

"पोटात गोळा आलाय. काही खाववत नाहीये. तुझ्या हातचे पोहे मिळाले असते ना..."

"वेडा आहेस का? काकूंनी काय सांगितलंय?"

"माहितीये. जाऊ दे." तो वळला.

देवयानीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांब. तुझ्याकडे हॉटेलातली दुसरी टोपी आहे ना? आण. दहा मिनिटं घालू आणि लगेच काढू."

टोपी चढली. सहा आठवड्यांनी मोहरी तडतडली, मिरची पडली, कढीपत्ता पडला. अंबरीशने दोन बश्या पोहे खाल्ले आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तो खोलीत शर्टाला इस्त्री करायला गेला. इस्त्रीचा बोर्ड कपाटात उभाच्या उभा होता, पण आपल्या माणसांना बोर्डावर इस्त्री जमत नाही. त्याने घरच्यासारखी चादरीची चौघडी करून जमिनीवरच्या कार्पेटवर अंथरली आणि बसून इस्त्री केली. तेवढ्यात ट्रेनची वेळ झाली. शर्ट अंगात, बूट अर्धे पायात, "विश मी लक!" म्हणत तो जिना उतरून गेला. देवयानीने त्याच्यामागे दार लावलं, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर पडली. तिने ताट वाढून घेतलंच नव्हतं. त्यामुळे टोपी काढायची आठवणही झाली नाही.

अंबरीशच्या खोलीत इस्त्री चालूच होती. चादरीवर, तोंड खाली करून.

टोपी पातळ होती आणि त्या गडबडीत तिरकी बसली होती. एका कडेने मला खालचं दिसत होतं. नऊच्या सुमाराला अंबरीशच्या दाराच्या फटीतून पहिला धूर आला. मग जाड, पिवळट. तो कार्पेटवरून सरकला, भिंतीवर चढला आणि छताला लागून माझ्यापर्यंत आला. टोपीच्या मोकळ्या कडेने आत शिरला. मी वाट बघितली. काही झालं नाही. शेजारच्या खोलीत ती पोर झोपली होती. मी तिला रोज बघत होतो, तिच्या आईचा आवाज मला पाठ होता, आणि मी हाक मारू शकत नव्हतो. असली लाज कुणाच्या वाट्याला येऊ नये.

साडेनऊला बाहेरच्या दारात किल्ली फिरली. काकू. हातात छत्री आणि पिशवी, पिशवीत डबा. देवयानी वाळत चालल्याचं त्यांना दिसत होतं. फोडणी आपणच बंद केली, म्हणून आपणच फोडणीचं वरण करून आणलं होतं. दार उघडताच त्यांना वास आला. तीस वर्षांची डॉक्टरीण ती, किंचाळली नाही. पिशवी आणि छत्री जिन्यात टाकली, पदराने नाक झाकलं, देवयानीच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या, आत शिरून तिला दंडाला धरून ओढत बाहेर जिन्यात आणली. मग फोन काढून आगीचा बंब बोलावला. आणि फोन कानाला लावलेला असतानाच त्यांचं लक्ष वर गेलं.

त्यांनी छत्री उचलली, उंबऱ्यावरूनच लांब केली आणि टोपी खाली पाडली. आता माझ्यात आणि धुरात काहीच नव्हतं. धूर माझ्या अंगावरून वाहत होता. काकू बघत राहिल्या. देवयानी बघत राहिली. मी ओरडलो नाही.

बंबवाले पाच मिनिटांत आले. चादरीला मोठं भोक, कार्पेटला काळा डाग, खोलीभर काजळी. ज्वाळा उठायच्या आत पोचलो, असं त्यांच्यातली एक उंच बाई म्हणाली. अजून अर्धा तास गेला असता तर झोपलेली मुलगी धुरामुळे पुन्हा उठलीच नसती, असंही म्हणाली. जाताना तिने मला फिरवून छतावरून काढलं आणि काकूंच्या हातात ठेवलं.

दुपारपर्यंत अंबरीशही आला. तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती, मी काकूंच्या मांडीवर. अंबरीश रडत होता. देवयानीने त्याला बोलू दिलं नाही.

"काकू, टोपी मी घातली होती. काढायची मीच विसरले. तुम्ही सांगितलं होतं. मी बॅग भरते."

अंबरीश नाक पुसत म्हणाला, "काकू, एक सांगू? मार्चमध्ये माझा पापड पेटला होता. तेव्हा टोपी नव्हती. तरीही हा वाजला नव्हता."

काकूंनी चष्मा लावला. मला उलटं केलं, पुसलं, कडेवर बोट फिरवलं आणि तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "तारखा हे बघायचे. डायरीत लिहून ठेवायचे. मी नुसती बटण दाबायची. दर महिन्याला दाबलं गं. वाजायचा ना, म्हणून मला वाटलं..." त्यांनी चष्मा काढला. "ऑपरेशन थिएटरमध्ये मी असं केलं असतं, तर मला जन्माची घरी बसवली असती."

"काकू, असं नका म्हणू."

"का नको? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?" काकूंनी डोळे पुसले आणि मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "बॅगबिग काही भरायची नाही. तुमच्या खोल्या साफ होईपर्यंत दोघं माझ्याकडे राहा. माझ्याकडे जेवणाचं टेबल मोठं आहे, त्यावर लिही. आणि आधी ते वरण खा, गार झालंय."

देवयानीने पायरीवर बसूनच डब्यातून वरण खाल्लं. वर लाल फोडणी होती. मधेच ती रडायला लागली आणि काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "जेवली का वं?" देवयानी म्हणाली, "हो आई, जेवून राहिली. काकूनं आणलं."

सबमिशन वेळेवर झालं. एकवीस ऑगस्टला, दुपारी, काकूंच्या जेवणाच्या टेबलावरून. अंबरीशची ती नोकरी हुकली, पण दुसरी लागली, मिल्टन कीन्सला. माझ्या जागी नवा अलार्म आला. तरणाताठा, भलताच संवेदनशील. परवा देवयानीने निघण्याआधी शेवटची फोडणी घातली, आणि तो असा काही बोंबलला, की मला डब्यात बसून हेवा वाटला. तिघांनी टॉवेल हलवले. खिळा काकूंनी उपटून टाकला आहे. त्या जागी देवयानीने किल्ल्यांच्या हुकाशेजारी मोठ्या अक्षरात नव्या अलार्मची तारीख लिहून ठेवली आहे. काकूंनी ती आपल्या फोनमध्येही घातली आणि शशिधरकाकांच्या डायरीतही लिहिली.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या छतावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या डोक्यावर काही चढवू नका, खिडकी उघडा. आणि आज घरी गेलात, की स्टूल घ्या, वर चढा आणि त्याच्या कडेला लिहिलेली तारीख वाचा. बटण दाबलं की तो ओरडेल, पण तेवढ्यावर विसंबून खाली उतरू नका. मीसुद्धा दर महिन्याला ओरडत होतो.